पास होता, फोन बंद होता: २५५ रुपयांच्या एका पावतीचं प्रकरण

पावती माझ्यासमोर टेबलावर आहे. पातळ कागद, त्यावर कार्बनची निळी अक्षरं. भाडे ५, जादा आकार २५०, एकूण २५५. कडेला घाईघाईत दोन इंग्रजी अक्षरं खरडलेली, डब्ल्यू आणि टी. रोज लोकलने जाणाऱ्याला त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. विदाउट, म्हणजे विनातिकीट.

ज्या बाईंच्या नावाने ही पावती फाटली त्यांच्याकडे त्या सकाळी पास होता. सेकंड क्लासचा, महिन्याचा, १०० रुपये भरून काढलेला, संपायला अजून अकरा दिवस बाकी. फक्त तो फोनमध्ये होता आणि फोन बंद पडला होता.

आमच्या सोसायटीत मी 'अर्ज लिहून देणारे काका' आहे. नोकरीत एकतीस वर्षं फायलींवर शेरे मारले, त्याचं हे निवृत्तीनंतरचं फळ. कुणाचं वाढीव वीजबिल, कुणाची अडकलेली पेन्शन, कुणाच्या आधारावर चुकलेली जन्मतारीख. तशीच ही पावती आली. ताईंचं नाव इथे लिहीत नाही. स्थानकाचं, टीसीचं आणि ज्या कार्यालयाला अर्ज केला त्याचंही नाही. या प्रकरणात खोटं कुणी बोललं नाही, टीसीबाईंनी नियमाबाहेर काही केलं नाही, आणि तरी ताईंचं म्हणणं मला शेवटपर्यंत खोडता आलं नाही. म्हणून सगळं सविस्तर मांडतो.

त्या सकाळी काय झालं

सुरुवात आदल्या रात्री, बेडरूममधल्या स्विचबोर्डापाशी झाली. एकाच बोर्डावर दोन पिना, एकीत फोनचा चार्जर आणि दुसरीत डासांचं मशीन. झोपताना मुलाने मशीन बंद करायला म्हणून बटण दाबलं ते चार्जरचं. सकाळी ताईंनी फोन उचलला तेव्हा १९ टक्के. दोन डबे भरायचे होते, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायच्या होत्या. दवाखान्यात पोचल्यावर चार्जिंगला लावू, असं म्हणून त्या निघाल्या. (त्या एका दवाखान्यात हिशेब बघतात, साडेनऊला हजेरी.) फोन चार वर्षांचा. जुन्या बॅटरीचे १९ टक्के म्हणजे ओळखीच्या माणसाने दिलेलं 'उद्या नक्की'. उतरायच्या आधीच्या स्थानकात बहिणीचा फोन आला आणि 'अगं ऐक ना' एवढ्यावरच पडदा काळा झाला.

लेडीज डब्यातून उतरून त्या पुलाकडे वळल्या तर पायथ्याशी टीसींची साखळी उभी. पाच-सहा जण, पुढे दोन बायका, मागे आरपीएफचा एक जवान. ताईंनी मला तो संवाद जसाच्या तसा सांगितला, आणि नंतर दोनदा विचारूनही त्यात एक शब्द बदलला नाही.

"पास?"

"आहे ना, मोबाइलमध्ये. चार्जिंग गेलंय हो मॅडम, हे बघा." त्यांनी बटण दाबून धरलं. पडद्यावर लाल रेघ असलेली रिकामी बॅटरी उमटली आणि विझली.

"बाजूला उभ्या राहा."

बाजूला म्हणजे खांबाला लागून. तिथे आधीच तिघं होते. एक कॉलेजचा मुलगा, जो सरळ म्हणत होता की तिकीट काढलंच नाही, रांग मोठी होती. एक शर्ट-पँट इन केलेले गृहस्थ. पास सेकंडचा आणि उतरले फर्स्टमधून, 'लोंढ्याने आत ढकललं' हे त्यांचं म्हणणं. आणि एक तरुण, त्याच्या फोनवर तिकीट होतं, पण ते काढल्याची वेळ ९ वाजून ११ मिनिटं आणि तो ज्या गाडीतून उतरला ती त्याच्या स्थानकातून सुटली होती ८ वाजून ५२ मिनिटांनी. टीसीबाईंनी दोन्ही वेळा त्याला मोठ्याने वाचून दाखवल्या. तो हसला, मग त्यानेच पैसे काढले.

एक चोर, एक चुकलेला, एक चलाख आणि एक विसराळू. चौघांना जादा आकार सारखाच, २५० रुपये. या प्रकरणात मला सगळ्यात आधी खटकलं ते हे, आणि त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

ताईंची अडचण इथून पुढे वाढली. दंड भरायचा कशाने? जीपे फोनमध्ये. नवऱ्याला फोन करायचा कशावरून? नंबर तरी कुठे पाठ आहे! पर्समध्ये १४० रुपये निघाले. डब्यातली रोजची मैत्रीण एव्हाना पूल चढून गेलेली. त्यांनी टीसीबाईंना विनवलं, "त्या वडापावच्या स्टॉलवर दहा मिनिटं लावू द्या ना, लगेच दाखवते."

यावर टीसीबाईंनी जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं म्हणत नाही, ताई. पण आत्ताच एकीचं चार्जिंग पाच मिनिटांत आलं, आणि तिकीटही पाच मिनिटांपूर्वीचंच निघालं."

उरलेले ११५ रुपये शेवटी दिले त्या कॉलेजच्या विदाउट पोराने. स्वतःचा दंड स्कॅन करून भरला आणि ताईंचाही कमी पडलेला भाग त्यातच टाकला. "द्या नंतर, काकू." नंबर पावतीच्या मागे लिहिलेला अजून आहे, पैसे ताईंनी दुपारीच परत केले. फुकट्या म्हणून ज्याला आपण ओळखतो त्याने, आणि जिच्याकडे पास होता तिला!

पावती हातात पडल्यावर त्या वडापावच्या स्टॉलवर गेल्या. बारा मिनिटांनी फोन सुरू झाला. त्यांनी पास उघडला, धावत परत आल्या, टीसीबाईंसमोर धरला. बाईंनी नीट पाहिला, तारीख वाचली, मान हलवली. "पास बरोबर आहे तुमचा. पण पावती फाटली आता."

कायदा काय विचारतो

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न एकच होता. "काका, मी पैसे भरलेले आहेत. मग विदाउट कशी?"

मी १९८९ चा रेल्वे कायदा काढून बसलो. कलम ५४ सांगतं की अधिकृत कर्मचाऱ्याने मागितलं की प्रवाशाने पास किंवा तिकीट तपासणीसाठी दाखवायचं. कलम १३८ त्याचा पुढचा भाग आहे. मागितल्यावर लगेच दाखवायला जो चुकेल किंवा नकार देईल, त्याने प्रवासाचं भाडं आणि वर जादा आकार भरायचा. जादा आकार किती? भाड्याइतका किंवा २५० रुपये, यातलं जे जास्त असेल ते. लोकलच्या पाच-दहा रुपयांच्या तिकिटाला म्हणजे कायम २५०.

वाक्यात 'चुकेल' आणि 'नकार देईल' हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी बसवलेले आहेत. टीसीला हात झटकून पळणारा आणि मेलेला फोन हातात धरून उभी असलेली बाई, दोघं एकाच वाक्यात. पैसे भरले होते का, हे हे कलम विचारतच नाही. त्याला हवं आहे ते मागितल्या क्षणी समोर धरलेलं काहीतरी.

कागदी पासाच्या जमान्यातही हे असंच होतं. पास कालच्या शर्टाच्या खिशात राहिला, शर्ट धुण्याच्या बादलीत, आणि माणूस पुलाखाली पकडला गेला, हे घरोघरी घडलेलं आहे. तेव्हाही दंड भरावा लागायचा. फरक एवढाच की कागदाचा पास सकाळी घरून निघताना खिशात असला तर संध्याकाळपर्यंत खिशातच असायचा. तो वाटेत संपत नसे.

मोबाइल तिकिटाच्या नियमांत तर हे उघडच लिहिलेलं आहे. फोनवर तिकीट दाखवता आलं नाही तर प्रवासी विनातिकीट धरला जाईल. बॅटरी संपणं ही सबब नाही. स्क्रीनशॉट चालत नाही. तिकीट ज्या फोनवर काढलं त्या फोनशी बांधलेलं असतं, त्यामुळे शेजारणीच्या फोनवरून दाखवू म्हटलं तरी ते होत नाही. ॲप घेताना आपण सगळे 'मान्य आहे' वर बोट ठेवतो, त्यात हे सगळं मान्य केलेलं असतं. एक मात्र खरं, दाखवायला इंटरनेट लागत नाही. एकदा काढलेलं तिकीट नेटवर्क नसतानाही उघडतं. पण त्यासाठी पडदा तरी उजळायला हवा.

ताईंना मी दोन गोष्टी समजावल्या, ज्यांनी त्यांचा राग थोडा उतरला. पहिली म्हणजे १३८ खाली पैसे भरणं हा गुन्हा नव्हे. रेल्वेला फसवण्याच्या हेतूने प्रवास केला तर कलम १३७ लागतं. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि न्यायालयाला तसंच सबळ कारण दिसलं नाही तर दंड ५०० च्या खाली नाही. ताईंवर फसवणुकीचा ठपका कुणी ठेवला नव्हता. पैसे द्यायला नकार दिला असता तर मात्र प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे गेलं असतं, आणि तिथेही न भरल्यास दहा दिवस ते एक महिना आत. २५५ रुपयांसाठी एवढं कुणी ताणत नाही, आणि वसुली या भरवशावरच चालते.

दुसरी गोष्ट, टीसीबाईंनी त्यांना एक सवलत दिली होती, जी ताईंच्या लक्षातही आली नव्हती. प्रवासी कुठून चढला याबद्दल शंका असेल तर भाडं गाडी जिथून सुटली तिथपासून धरता येतं. वाटेत तिकिटं तपासली गेली असतील तर त्या ठिकाणापासून. कसाऱ्याहून सुटलेल्या गाडीतून कुर्ल्याला उतरलेल्या आणि हातात काहीच नसलेल्या माणसाला 'मी घाटकोपरला चढलो' हे सिद्ध करणं अवघड आहे. टीसीबाईंनी ताईंना विचारलं, "कुठून चढलात?" आणि जे उत्तर आलं ते धरून पाच रुपये लावले. म्हणजे चढल्याचं स्थानक शब्दावर मान्य झालं, पास झाला नाही. ताई यावर म्हणाल्या, "हे बरं आहे!" मला उत्तर सुचलं नाही.

कायद्यात एक पळवाटही आहे, ती ऐकून त्या हसल्याच. गाडीत बसण्याआधी रेल्वेच्या अधिकृत कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन तसा दाखला मिळवला, तर नंतर फक्त भाडं द्यावं लागतं, जादा आकार नाही. सकाळी पावणेनऊच्या गर्दीत, गाडी फलाटाला लागत असताना, आपला फोन तासाभरात बंद पडणार आहे या कारणासाठी दाखला मागणारी बाई डोळ्यांसमोर आणून पाहा.

टीसींचा विश्वास का उडाला

इथे मला टीसीबाईंची बाजू घ्यायची आहे, कारण ताईंच्या घरी त्या दिवशी ती कुणीच घेतली नाही.

मुंबईच्या लोकलला फाटक नाही. मेट्रोत आत जाताना आणि बाहेर पडताना तिकीट यंत्राला दाखवावं लागतं. लोकलच्या स्थानकांना पूल, जिने, फलाटाच्या टोकाची मोकळी वाट, रुळांशेजारच्या वस्तीकडे उघडणारं भगदाड अशी किती दारं! रोज सत्तर लाखांच्या घरात माणसं त्यातून आत-बाहेर करतात. हा सगळा डोलारा विश्वासावर उभा आहे, आणि विश्वासाला टेकू म्हणून मधूनमधून पुलाखाली टीसींची साखळी. मेट्रोसाठी २००२ मध्ये जो वेगळा कायदा झाला त्यात विनातिकिटाचा जादा आकार ५० रुपयेच ठेवला होता. फाटक असलं की दंडावर फार विसंबावं लागत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

आता विश्वासाचं काय झालं ते पाहू. ज्यांनी कूपनं वापरली आहेत त्यांना आठवेल. पुस्तिका आणायची, प्रवासाआधी स्थानकातल्या यंत्रात कूपन घालून शिक्का मारायचा. बरेच जण शिक्का न मारताच गाडीत बसायचे. कूपन खिशात, उतरल्यावर टीसी दिसला तर मागे फिरून यंत्र गाठायचं, नाही दिसला तर तेच कूपन उद्याला. २०१५ च्या सुमारास कूपनं गेली आणि मोबाइलचं तिकीट आलं. त्यात ही चलाखी चालू नये म्हणून जीपीएसचं कुंपण घातलं. रुळांच्या जवळ, स्थानकात किंवा गाडीत असताना तिकीट निघणारच नाही. बाहेर असतानाच काढायचं. हे कुंपणही सुरुवातीला भलतंच त्रासदायक होतं. रस्त्याकडेला उभं राहून हात उंच करून फोनला आकाश दाखवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी सुटलेलीही पाहिली आहे.

मग आधीच स्थानकात शिरलेल्यांची सोय म्हणून भिंतींवर क्यूआर कोड लावले. स्कॅन करा, तिकीट घ्या. चांगली सोय होती, पण कोड छापील असल्याने कायम तोच. लोकांनी त्याचे फोटो काढून फोनमध्ये ठेवले, एकमेकांना पाठवले. गाडीत निवांत बसायचं, टीसी दिसला की फोटो स्कॅन करायचा. कूपनवाल्यांचीच नातवंडं! ९ वाजून ११ मिनिटांचं तिकीट असलेला तो तरुण याच वाटेने आला असणार. त्यावर कडी म्हणजे २०२५ मध्ये एसी लोकलचे बनावट पास सापडले, काही तर एआयच्या मदतीने बनवलेले, पडद्यावर हुबेहूब दिसणारे.

अशा दहा-वीस जणांना रोज तोंड देणाऱ्या माणसासमोर ताई बंद फोन घेऊन उभ्या राहिल्या. दर मिनिटाला शे-दोनशे माणसं पुलावर चढतायत, एकीशी वाद घालत थांबलं की दहा सुटतात. 'चार्जिंग करून या' म्हटलं तर ती परत येईलच कशावरून? टीसीबाईंच्या जागी मी असतो तर मीही पावती फाडली असती. हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप जरा जोरात ठेवला.

२५० रुपये कुणाला लागतात

जादा आकाराची किमान रक्कम २००४ मध्ये ५० वरून २५० झाली, आणि तेव्हापासून तिथेच आहे. वडापाव तेव्हा कितीला होता ते आठवून पाहा. सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट मात्र आजही ५ रुपयेच.

हिशेब करून पाहू. ५ रुपयांच्या अंतरावर रोज विदाउट जाणारा पकडला गेला की २५५ देतो. म्हणजे ५१ फेऱ्यांत एकदाच सापडला तर त्याचं बरोबरीत सुटतं. त्याहून कमी वेळा सापडला तर तो नफ्यात. रोज जाऊन-येऊन दोन फेऱ्या धरल्या तर साधारण महिन्याभराचं काम. पण खरा फुकट्या स्वतःची तुलना तिकिटाशी करत नाही, पासाशी करतो. त्याच अंतराचा महिन्याचा पास १०० रुपये. अडीच महिन्यांतून एकदा पकडला गेला तर पास काढणाऱ्याइतकाच खर्च. आमच्या इमारतीत एक गृहस्थ आहेत, ते अभिमानाने सांगतात की टीसी त्यांना वर्षातून एकदा भेटतो, दिवाळीच्या आसपास. त्यांच्या लेखी २५० रुपये म्हणजे वार्षिक वर्गणी.

ताईंच्या बाजूने तोच हिशेब वेगळा दिसतो. त्यांनी १०० भरलेच होते. वर २५५. त्या एका महिन्याचा त्यांचा प्रवास ३५५ रुपयांना पडला, साडेतीन पासांच्या किमतीला. मुरलेल्या फुकट्याला जी रक्कम ओरखडाही काढत नाही ती प्रामाणिक पासधारकाला चांगलीच झोंबते. दंड वाढवून ५००, १,००० करा, अशी मागणी अधूनमधून होते. फुकट्यांपुरती ती मला पटते. पण आत्ताच्या कलमात नुसता आकडा वाढवला तर खांबापाशी उभ्या केलेल्या ताईंनाही तेच १,००० लागतील, त्याचं काय?

फोन बंद पडला हे कारण परदेशातही सगळीकडे चालतं असं नाही. लंडनमध्ये फोन टेकवून प्रवास करता येतो, पण मध्येच बॅटरी गेली तर जबाबदारी प्रवाशाचीच. तिथला दंड १०० पौंड, २१ दिवसांच्या आत भरला तर निम्मा. जर्मनीची पद्धत मात्र मला आवडली. तिथे शहरातल्या बस-रेल्वेत विनातिकीट सापडलं की ६० युरो. पण स्वतःच्या नावाचा पास होता, फक्त जवळ नव्हता, हे आठवड्याच्या आत दाखवून दिलं की ६० चे ७ युरो होतात. टीसीने जागेवर वाद घालायचा नाही, पावती फाडायची. शहानिशा नंतर, खिडकीवर, शांतपणे. जर्मन लोक विनातिकीट प्रवासाच्या बाबतीत फार प्रेमळ आहेत असं मुळीच नाही; न्यायालयाने केलेला दंड थकवला तर तिथे माणसं तुरुंगातही जातात. पण पासवाला विसराळू आणि फुकट्या यांना एका खांबाला बांधायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलेलं आहे.

आपल्याकडे हे जमणार नाही असं मला वाटत नाही. मोबाइलवरचा पास कुणाच्या नावावर, किती वाजता, कोणत्या तारखेला काढला याची नोंद रेल्वेच्या संगणकात असते. दंडाच्या पावतीवर प्रवाशाचं नाव आणि वेळ असते. दोन्ही शेजारी ठेवले की पाच मिनिटांपूर्वीचं तिकीट आणि एकोणीस दिवसांपूर्वीचा पास यांतला फरक शाळकरी पोरही सांगेल. पास मागच्या तारखेने काढता येत नाही. त्यामुळे ही सवलत फक्त पासाला द्यावी, सुट्या तिकिटाला नाही, असं माझं मत. बहिणीच्या पासावर दुसरी बहीण सुटू पाहील, ही शंका रास्त आहे. पावती फाडताना ओळखपत्रावरचं नाव लिहिलं की तीही मिटते. ताईंच्या पर्समध्ये आधारची झेरॉक्स होती. ती कुणी मागितली नाही.

अर्ज आणि त्याचं उत्तर

हे सगळं मी अर्जात लिहिलं नाही. अर्ज लांबला की वाचला जात नाही, हे एकतीस वर्षांत मी टेबलाच्या पलीकडे बसून शिकलो आहे. दीड पानात घटनाक्रम, पासाच्या नोंदीची प्रत, पावतीची प्रत. मागणी एकच: भाड्याचे ५ रुपये ठेवा, २५० परत करा, कारण पास आधीचा असल्याचं तुमच्याच नोंदीत दिसतं. ताईंना त्यात एक वाक्य हवं होतं, 'मला चोरासारखं उभं केलं.' मी काढून टाकलं. त्यांनी परत घालायला लावलं. ते राहिलं.

उत्तर सात ओळींचं आलं. तपासणीच्या वेळी वैध प्रवास प्राधिकार सादर न केल्यामुळे आकारणी नियमानुसार योग्य आहे, परतावा देय नाही, गैरसोयीबद्दल दिलगिरी. त्यात चुकीचं काही नव्हतं. अर्जातला पासाचा नंबर मात्र उत्तरात कुठेच नव्हता. तो पाहिला गेला का, हे मला त्या सात ओळींवरून सांगता येणार नाही.

पुढे जाता आलं असतं. पण त्यासाठी ताईंना अर्ध्या दिवसाच्या निदान दोन रजा टाकाव्या लागल्या असत्या, आणि त्यांचा अर्ध्या दिवसाचा पगार २५० हून जास्त आहे. "राहू द्या काका," त्या म्हणाल्या. फाइल तिथेच बंद झाली.

पास संपल्यावर त्यांनी पुढचा खिडकीवरून काढला. पस्तीस मिनिटं रांगेत उभ्या राहून, कागदाचा. मुलगा म्हणाला, आई, पॉवर बँक घेऊन देतो. त्या म्हणाल्या, तीही चार्ज करायला लागेल ना, आणि बटण तूच दाबणार. परवा लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा त्यांनी मला फोन उलटा करून दाखवला. मागच्या पारदर्शक कव्हरात, फोन आणि प्लास्टिक यांच्या मध्ये, तारीख दिसेल अशी घडी घालून तो कागदी पास ठेवला होता.